लहान मेंदू म्हणजे फक्त तोल का?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मला, वजन १०५० ग्रॅम, सात आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता. घरी सोडण्याआधीच्या एमआरआयमध्ये 'लहान मेंदूचा आकार वयाच्या मानाने कमी, उजव्या भागात जुन्या रक्तस्रावाची खूण' असं लिहिलेलं होतं. 'लहान मेंदू म्हणजे तोल. चालायला उशीर होईल, बाकी काळजी नाही,' असं तेव्हा सांगितलं गेलं. मुलगा सव्वादोन वर्षांचा झाल्यावर चालू लागला आणि घरच्यांनी फिजिओथेरपी थांबवली. आता तो तीन वर्षांचा आहे. पाय फाकवून चालतो, उजव्या हाताने पेला धरला की पाणी सांडतं, दोन शब्दांपुढे वाक्य जात नाही, आणि एका खेळातून दुसऱ्याकडे वळवलं की आकांत करतो. आईने विचारलंय, या सगळ्याचा लहान मेंदूशी संबंध आहे का? तो अजून वाढेल का? आम्ही काय करायचं? आणि जूनमध्ये त्याला बालवाडीत घालायचं का?

ताई, आधी थेट उत्तर देते. चालण्याचा आणि हाताचा संबंध नक्की आहे. बोलण्याचा आणि आकांताचाही असण्याची दाट शक्यता आहे. फिजिओथेरपी थांबवायला नको होती, पण वेळ गेलेली नाही.

मी बावीस वर्षं लहान मुलांच्या मेंदूविकारांवर काम करते आणि त्यातला मोठा भाग कमी दिवसांच्या बाळांच्या पाठपुराव्याचा आहे. 'चालायला लागला ना, मग आता कशाला?' म्हणून उपचार सोडून दिलेली आणि मग पहिली-दुसरीत 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून परत आलेली मुलं मी फार पाहिली आहेत. त्यामुळे 'लहान मेंदू म्हणजे तोल' हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. ते अर्धं खरं आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही पालकांना तेच सांगत असे, कारण आम्हाला शिकवलेलं तेवढंच होतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला हात ठेवला की हाडाच्या पलीकडे लहान मेंदू असतो. वजनाने तो सगळ्या मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका. पण ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल यांच्या गटाने २००९ साली माणसाच्या मेंदूतल्या पेशींची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा एकूण सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ६९०० कोटी या एवढ्याशा भागात निघाल्या. ज्याला आपण बुद्धीचं घर मानतो त्या मोठ्या मेंदूच्या सालीत सुमारे १६०० कोटी. नऊवारीच्या निऱ्यांसारख्या बारीक चुण्या घालून लहान मेंदू कवटीच्या कोपऱ्यात बसवलेला असतो. त्या निऱ्या उलगडून पसरल्या तर मोठ्या मेंदूच्या सालीच्या जवळजवळ ८० टक्के क्षेत्रफळ भरतं. नुसता तोल सांभाळायला एवढा पसारा लागेल का, ही शंका खरं म्हणजे फार आधीच यायला हवी होती.

आता तो घडतो कसा, ते सांगते. तुमच्या मुलाचं जे झालंय ते याच्यातून सगळ्यांत नीट कळतं.

गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना, पुढे मेंदूचा मधला आणि मागचा भाग होणार असतो त्यांच्या सीमेवर लहान मेंदूची जागा ठरते. तिथे पेशी दोन ठिकाणी जन्माला येतात. आतल्या पोकळीलगतच्या थरात पर्किंजे पेशी तयार होतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. या मोठ्या, पंख्यासारख्या फांद्या पसरणाऱ्या पेशी, आणि लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारा प्रत्येक निरोप त्यांच्याच हातून जातो. दुसरी जागा वरच्या काठाची. तिथून निघणाऱ्या पेशी आधी लहान मेंदूच्या पृष्ठभागावर चहूकडे पसरतात आणि तिथे बाहेरच्या बाजूला एक थर करून बसतात. या ग्रॅन्यूल पेशींच्या, म्हणजे लहान मेंदूतल्या अगदी बारीक चेतापेशींच्या, पूर्वज पेशी. खालच्या पर्किंजे पेशी 'सॉनिक हेजहॉग' नावाचं प्रथिन सोडून त्यांना वाढायला सांगत राहतात, आणि त्या विभागत जातात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग प्रत्येक नवी पेशी आधाराच्या तंतूंवरून, दोराला धरून विहिरीत उतरावं तशी, पर्किंजे पेशींच्या रांगेतून वाट काढत आत उतरते. उतरताना स्वतःचा एक धागा मागे वर सोडून जाते. असे अब्जावधी धागे एकमेकांना समांतर पसरतात, आणि एकेका पर्किंजे पेशीला अशा लाखभर किंवा त्याहून जास्त धाग्यांचे निरोप मिळतात. बाहेरचा थर हळूहळू रिकामा होत जन्मानंतर साधारण वर्षभराने नाहीसा होतो. (या थरातली वाढ वेळेवर थांबली नाही तर मुलांमधल्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचा एक प्रकार होतो. घडवणारा इशाराच बिघडवणारा ठरतो, हे मला आजही अस्वस्थ करतं.)

या कामाचा सगळ्यांत धावपळीचा काळ म्हणजे गर्भारपणाचा चोवीसावा ते चाळीसावा आठवडा. तेवढ्या वेळात लहान मेंदूचं आकारमान जवळजवळ पाचपट होतं. मेंदूचा दुसरा कुठलाही मोठा भाग या काळात इतक्या झपाट्याने वाढत नाही. तुमचं बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाहेर आलं, म्हणजे या धावपळीचे बारा आठवडे त्याने पोटाबाहेर काढले. त्यातले सात यंत्रांच्या आवाजात, सुया टोचून घेत. बाहेरच्या थरातल्या रक्तवाहिन्या या वयात फार नाजूक असतात, रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी फुटू शकतात. रक्तस्राव झाला की तिथल्या पूर्वज पेशी जातात, आणि त्यांच्यापासून पुढे ज्या पेशी व्हायच्या होत्या त्या जन्मालाच येत नाहीत. साकळलेल्या रक्तातलं लोहही आसपासच्या थराला त्रास देतं. तुमच्या अहवालातल्या 'आकार कमी' आणि 'जुनी खूण' या दोन ओळींचा एकमेकींशी असा संबंध असतो.

इथे थोडं थांबते, कारण जवळजवळ प्रत्येक आई हळूच विचारते: मी सातव्या महिन्यात प्रवास केला म्हणून झालं का, जिने चढले म्हणून का, ग्रहणात बाहेर पडले म्हणून का. नाही, ताई. बाळाच्या डोक्यात जन्मानंतरच्या दिवसांत जे झालं ते तुमच्या हातात नव्हतं. हे वाक्य घरातल्या इतरांनाही वाचून दाखवा.

आणखी एक गोष्ट फाइलमध्ये पाहा. पेशींचं हे आत उतरणं थायरॉइडच्या संप्रेरकावर अवलंबून असतं. कमी दिवसांच्या बाळांमध्ये पहिली थायरॉइड तपासणी बरोबर येऊन दोष नंतर दिसू शकतो, म्हणून ती काही आठवड्यांनी पुन्हा करायची असते. झाली नसेल तर आता एकदा करून घ्या. साधी रक्ततपासणी आहे आणि दोष निघालाच तर गोळी आहे.

जन्मानंतरही हे काम थांबत नाही. पहिल्या वर्षात सगळ्या मेंदूचं आकारमान साधारण दुप्पट होतं, लहान मेंदूचं तिपटीहून जास्त. त्याच काळात जोडण्यांची छाटणी होते. सुरुवातीला एकेका पर्किंजे पेशीवर मेंदूच्या देठाकडून येणारे तीन-चार जाड 'चढते तंतू' वेलीसारखे चढलेले असतात. त्यांच्यात चढाओढ होते आणि शेवटी एकच उरतो. उंदरांच्या पिल्लांमध्ये ही छाटणी पहिल्या तीन आठवड्यांत पूर्ण होताना पाहिलेली आहे. हा उरलेला एक तंतू पुढे आयुष्यभर चूक दाखवण्याचं काम करतो. लहान मेंदू तोल सांभाळतो म्हणण्यापेक्षा तो चुकांवरून शिकतो म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं, आणि त्याचा शिकण्याचा धागा हाच.

हे रोजच्या अनुभवातून सांगते. भरलेली असेल असं समजून तुम्ही रिकामी बादली उचलली तर हात झटकन वर जातो. कारण बादलीला हात लागायच्या आधीच मेंदूने वजनाचा अंदाज बांधून ताकद ठरवलेली असते. असे अंदाज बांधण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. पोळी लाटताना लाटण्यावर किती दाब द्यायचा, धावता चेंडू झेलायला पाऊल कुठे टाकायचं, हे सगळं प्रत्यक्ष घडण्याआधी काही मिलिसेकंद ठरतं. डोळ्याकडून किंवा कातडीकडून खबर येईपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो. आपल्याला स्वतःलाच गुदगुल्या करता येत नाहीत, त्याचंही कारण हेच. १९९८ साली लंडनच्या सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॅन करून दाखवलं की आपलाच हात आपल्याला कसा लागेल याचा अंदाज आधी बांधण्यात लहान मेंदूचा भाग असतो, आणि अंदाज बरोबर आला की स्पर्शाची गंमत विरते.

अंदाज चुकला की चढता तंतू पर्किंजे पेशीला जोरदार इशारा देतो, आणि चुकीला कारण झालेल्या जोडण्या जरा सैल पडतात. पुढच्या वेळी अंदाज थोडा सुधारतो. डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये आणि जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये ही कल्पना वेगवेगळी मांडली, आणि जपानच्या मासाओ इतो यांनी पुढे जोडण्या खरंच सैल पडतात हे प्रयोगात दाखवलं. सगळं शिकणं एवढ्यातच होतं असं आज कोणी म्हणत नाही. पण चूक हा या भागाचा खुराक आहे, हे टिकून आहे.

चालायला शिकणारी मुलं पाहा. न्यूयॉर्कमध्ये कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळू देऊन मोजलं: तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. नियमित शिकवणी नाही, कोणी हात धरलेला नाही, प्रत्येक पाऊल वेगळं. ज्या मुलाचा लहान मेंदू अपुरा आहे त्याला खरं तर याहून जास्त पावलं आणि जास्त चुका हव्यात. आणि आपण काय करतो? पडेल म्हणून कडेवर घेतो. आजी-आजोबांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण हे त्यांना समजावून सांगावंच लागेल.

लहान मेंदू गेला तर हालचाल बंद पडत नाही, बेताल होते. फ्रान्समध्ये फ्लुराँस यांनी १८२४ साली कबुतरांवर हे दाखवलं होतं. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या भागात गोळ्या लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स यांनी जी लक्षणं नोंदवली, ती आम्ही आजही तशीच तपासतो: बोट नाकापर्यंत नेताना पुढे जाणं, जवळ पोचताना हात थरथरणं, तळहात भराभर उलटासुलटा करता न येणं. त्यांच्या एका रुग्णाने सांगितलं होतं की एक हात आपोआप चालतो, पण दुखापतीच्या बाजूच्या हाताच्या प्रत्येक हालचालीकडे मन द्यावं लागतं. तुमच्या मुलाच्या पेल्याचं हेच आहे. लहान मेंदूचा उजवा भाग शरीराच्या उजव्या बाजूलाच सांभाळतो, मोठ्या मेंदूसारखी उलट बाजू नाही. म्हणून उजव्या भागातला रक्तस्राव आणि उजव्या हातातला सांडणारा पेला. आणि एवढं मन चालण्यात आणि पेला धरण्यात खर्च झाल्यावर बोलायला, ऐकायला किती उरत असेल, याचा विचार करा. संध्याकाळपर्यंत ही मुलं का चिडचिडतात याचं एक कारण मला इथे दिसतं.

पण बोलण्याची गोष्ट थकव्यापुरती नाही. १९८६ साली हेन्रिएटा आणि अ‍ॅलन लायनर यांनी रॉबर्ट डाऊ या मेंदूतज्ज्ञांसोबत असं मांडलं की माणसात लहान मेंदूचे जे भाग नव्याने मोठे झाले आहेत ते विचार आणि भाषेसाठी असावेत. तेव्हा अनेकांनी मान डोलावली नाही. मग पीटर स्ट्रिक यांच्या गटाने माकडांमध्ये चेतातंतूंवरून प्रवास करणारे विषाणू वापरून वाटा शोधल्या, आणि लहान मेंदूतून निघालेली वाट थेट कपाळामागच्या विचार करणाऱ्या भागापर्यंत पोचलेली दिसली. १९९८ साली बोस्टनच्या जेरेमी श्मामान आणि जॅनेट शर्मन यांनी फक्त लहान मेंदूला इजा झालेल्या वीस रुग्णांचं वर्णन केलं: बेत आखता न येणं, शब्द पटकन न सुचणं, जागेचा आणि आकाराचा गोंधळ, भावना एकदम उसळणं किंवा एकदम थंड पडणं. हात जसा लक्ष्याच्या पुढे जातो तसा विचारही जातो, असं श्मामान म्हणतात. ही उपमा मला फार उपयोगी पडली. खेळ बदलताना तुमच्या मुलाचा जो आकांत होतो त्याकडे 'हट्टी आहे' म्हणून पाहू नका. भावनेचा ब्रेक लागतो, पण उशिरा लागतो, असं समजा.

मला स्वतःला हे पटलं ते एका आठ वर्षांच्या मुलीमुळे. लहान मेंदूजवळची गाठ काढली, मुलगी शुद्धीवर आली, आईशी बोलली, पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी ती गप्प झाली. जीभ हलत होती, गिळत होती, ऐकू येत होतं, पण शब्द नाही. नुसती रडायची, आणि कशानेच शांत व्हायची नाही. सात आठवड्यांनी पहिला शब्द आला. मेड्युलोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चारांतल्या एका मुलाला असं मौन येऊ शकतं. मोठ्या मेंदूच्या भाषेच्या भागाला सुरीचं टोकही लागलेलं नसतं. लहान मेंदूतून तिकडे जाणारी वाट दुखावलेली असते.

आणि ही वाट ओलांडून पलीकडे जाते: लहान मेंदूचा उजवा भाग मोठ्या मेंदूच्या डाव्या भागाशी जोडलेला असतो. बहुतेक माणसांची भाषा तिथे असते. म्हणून अहवालातला 'उजव्या भागात' हा शब्द वाचून मी बोलण्याकडे आधी पाहिलं असतं.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती लपवणं मला बरोबर वाटत नाही. साधारणपणे मेंदूला लहानपणी इजा झाली तर मूल मोठ्या माणसापेक्षा चांगलं सावरतं, असं आपण मानतो. लहान मेंदूच्या बाबतीत ते नेहमी खरं नाही. प्रौढ माणसाला इथे पक्षाघात झाला तर विचारातले दोष बहुधा सौम्य असतात, कारण त्याचा मोठा मेंदू आधीच शिकून तयार झालेला असतो. बाळाचा मोठा मेंदू मात्र अजून घडायचा असतो, आणि लहान मेंदू त्याला अंदाज बांधायला, क्रम लावायला शिकवत असतो. शिकवणाराच अधू असला तर शिकणाऱ्यावर परिणाम होतो. २००७ मध्ये बोस्टनमधल्या एका अभ्यासात केवळ लहान मेंदूत रक्तस्राव झालेली कमी दिवसांची मुलं पाहिली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांना हालचालीचा मोठा प्रश्न होता, सुमारे ४२ टक्क्यांना बोलण्यात उशीर होता, आणि ३७ टक्के मुलं स्वमग्नतेच्या प्राथमिक चाचणीत लक्ष ठेवण्याजोगी निघाली. प्राथमिक चाचणी म्हणजे निदान नव्हे. पण निम्म्याहून जास्त मुलं बोलण्यात मागे नव्हती, हेही त्याच आकड्यांत आहे.

आणि याच्या दुसऱ्या टोकाला चीनमधली एक स्त्री आहे. २०१४ साली तिच्याबद्दल प्रसिद्ध झालं. चोविसाव्या वर्षी चक्कर येते म्हणून तपासलं तर लहान मेंदू अजिबात नव्हता, त्या जागी नुसतं पाणी होतं. ती चार वर्षांची असताना उभी राहिली, सहाव्या वर्षी समजेल असं बोलू लागली, सातव्या वर्षी चालू लागली. चाल किंचित अस्थिर, बोलणं किंचित अडखळतं, पण ती संसार करत होती. बाकीचा मेंदू किती काम अंगावर घेऊ शकतो ते यातून दिसतं. आणि त्याला किती वर्षं लागतात तेही.

तेव्हा 'तो वाढेल का?' याचं माझं उत्तर असं: ज्या पेशी जन्मल्याच नाहीत त्या आता येणार नाहीत. आकारातला फरक बहुधा राहील, आणि फक्त आकार पाहायला दरवर्षी एमआरआय करू नका, त्यासाठी मुलाला गुंगी द्यावी लागते. पण उरलेल्या पेशींच्या जोडण्या रोज बदलताहेत, आणि तुमच्या मुलाची शिकण्याची वर्षं आत्ता सुरू आहेत.

काय करायचं, ते आता सांगते. सगळ्यांत आधी कानांची बेरा तपासणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ते पाहणारी) आणि डोळ्यांची तपासणी. कमी दिवसांच्या मुलांत दोन्ही बिघडू शकतात, आणि ऐकू कमी येत असताना बोलत नाही म्हणून लहान मेंदूला दोष देत बसण्यासारखी चूक नाही. मग हालचाल, भाषा, समज आणि वागणूक या सगळ्यांची एकत्र तपासणी. खाजगीत जमत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र बघा. ते जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात असतं, तिथे फिजिओ, वाचा आणि मानसशास्त्र एकाच छताखाली मिळायला हवं. अंगणवाडी सेविकेला सांगितलं तर त्या वाट दाखवतात.

फिजिओथेरपी पुन्हा सुरू करा, पण आता ध्येय बदला. चालता येण्यापासून वेगवेगळ्या जागी चालता येण्यापर्यंत. गवत, वाळू, उतार, गादी, गच्चीवर खडूने आखलेली रेघ. चोवीस तास बूट नकोत, अनवाणी पायाला जमीन कळते. बसून फिरायचा वॉकर अजिबात नको. ढकलायचा लाकडी पांगुळगाडा, त्यात तांदळाची पिशवी ठेवून जड केलेला, चालेल. पडू द्या, फक्त फरशीच्या कडा आणि जिना सांभाळा. दिवसातून एकदा तासभर करून घेण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं पाच वेळा बरं. पेला प्लास्टिकचा हलका न देता जाड बुडाचा, थोडा वजनदार द्या, अर्धाच भरा, आणि कोपर टेबलावर टेकवू द्या. जेवायला पसरट ताटाऐवजी उभ्या काठाची वाटी. घास सांडला तर पुसून घ्या, पण भरवू नका.

बोलण्यासाठी वाचातज्ज्ञ लवकर गाठा. घरी मी एकच गोष्ट कटाक्षाने करायला सांगते: प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. या मुलांचं उत्तर तयार व्हायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला तेच पुन्हा विचारून किंवा स्वतःच उत्तर देऊन त्याची रांग मोडतो. टाळ्या, टाळ, तालावर पावलं टाकत बडबडगीतं म्हणणं हे भरपूर करा. तालामुळे पुढचा ठोका कधी येणार ते आधी कळतं, आणि त्या आधाराने शब्द बाहेर पडतो, असा माझा अनुभव आहे.

आकांताचंही तसंच. ज्याला पुढचं आधी कळत नाही त्याच्यासाठी दिवस आधी कळेल असा ठेवायचा. रोजचा क्रम तोच, दारावर चार चित्रं: खेळ, जेवण, अंघोळ, झोप. खेळ थांबवण्याआधी दोनदा सांगायचं, आणि दुसऱ्यांदा सांगताना हातात पुढच्या कामाची वस्तू द्यायची, उदाहरणार्थ अंघोळीचा तांब्या. पहिले दहा-पंधरा दिवस काहीच फरक दिसणार नाही, सोडू नका.

लहान मेंदू वाढवणारं औषध नाही. टॉनिकं, थेंब, तेलं यांवर पैसे घालू नका. आणि कोणी स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराचं, नाव घेतलं तर तिथून उठून या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांच्या अशा आजारांवर ती मान्य उपचारपद्धती नाही, मान्यता असलेल्या चाचणीबाहेर ती विकता येत नाही. लाखो रुपये आणि शेत घालवून आलेली कुटुंबं माझ्यासमोर बसलेली आहेत, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आलेली गोष्ट जायला लागली, म्हणजे चालत होता आणि आता पुन्हा धरून चालतो, तर. तुमच्या मुलाचा दोष जन्माच्या आसपासच्या दिवसांतला आहे, तो मागे नेत नाही. मागे जात असेल तर कारण वेगळं आहे. सकाळी उठताच उलट्या आणि डोकेदुखी, मान एका बाजूला कललेली राहणं, डोळे चहूकडे नाचल्यासारखे फिरणं, एकाएकी झोकांड्या वाढणं. कांजण्यांनंतर काही मुलं आठवडाभराने झोकांड्या खायला लागतात, ते बहुधा आपोआप बरं होतं, पण तपासून घ्यायलाच हवं. फिट्सवरचं फेनिटॉइन हे औषध चालू असेल तर त्याचा डोस जास्त झाला तरी अशीच चाल होते.

आणि बालवाडी. घाला, जूनमध्येच घाला. बरोबरीच्या मुलांच्या गडबडीत तो जितकी पावलं टाकेल तितकी घरात टाकणार नाही. आधी सात-आठ दिवस दीड तासच, मग वाढवा. बाईंना एक कागद लिहून द्या, त्यात आजाराचं नाव नसलं तरी चालेल, या चार गोष्टी असू द्या: तो मुद्दाम धडकत नाही, तोल जातो. उत्तराला वेळ द्या. खेळ बदलण्याआधी त्याला एकट्याला आधी सांगा. रांगेत त्याला भिंतीच्या बाजूला उभं करा. बसायला लहान खुर्ची हवी, पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीची. मांडी घालून जमिनीवर बसला तर त्याचं सगळं लक्ष बसून राहण्यातच जाईल. त्याच्या चालण्याचा आणि बोलण्याचा दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ आज काढून ठेवा, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याच गच्चीवर, त्याच रेघेवरून चालवून पुन्हा काढा. पुढच्या तपासणीला जाताना एमआरआयच्या फाइलबरोबर हे दोन्ही व्हिडिओ न्या.